ती बाटली आधी खाली ठेवा

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या गल्लीत दरवर्षी कुणाला तरी चार शब्द बोलायला बोलावतात. यंदा एक निवृत्त गुरुजी आले होते. विषय होता घरखर्चातली काटकसर. बोलता बोलता ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "या ताईंच्या दुकानात ती ऑक्सिजन पावडर वापरतात. तो नुसता धुण्याचा सोडा आहे. नाव बदललं आणि पाचपट भाव लावला. आपल्या आया राखेनं भांडी घासायच्या, फारच कळकट झालं तर अॅसिड टाकायच्या. त्यांची घरं काय घाण होती का?" बायकांनी माना डोलावल्या. वाण वाटायची घाई होती, मी गप्प बसले. पुढच्या पंधरवड्यात तिघीजणींनी मला सांगितलं की पावडर आणायचा विचार त्यांनी सोडून दिला आणि फरशीच्या अॅसिडची बाटली पुन्हा घरात आणली. म्हणून आता लिहिते आहे. गुरुजींबद्दल मनात आदर आहे, माझ्या नणंदेला त्यांनीच गणित शिकवलं. पण या बाबतीत त्यांचं चुकलं आहे, आणि ही चूक कुणाच्या तरी छातीवर बेतू शकते.

जालना जिल्ह्यातल्या मंठ्याच्या बसस्टँडजवळ माझं आणि माझ्या जाऊबाईंचं चहा, ताक आणि लस्सीचं छोटं दुकान आहे. आमचा अर्धा धंदा म्हणजे धुणंच. दुधाच्या दोन कॅन, चहाच्या तीन किटल्या, दह्याचे गंज, रवी, गाळण्या, थर्मास, ग्लास. दूध नासलं की गिऱ्हाईक एकदाच बोलतं, दुसऱ्यांदा बोलायला येतच नाही. भांड्यांबद्दल मी जे सांगते ते या हातांनी शिकलेलं आहे. रसायनाबद्दल जे सांगते ते बारावीला सायन्स होतं त्या शिदोरीवर, आणि पुढे विचारून, वाचून, करून बघून पक्कं केलेलं.

आता 'नुसता सोडा' या आरोपाकडे येते. गुरुजी दोन तृतीयांश बरोबर आहेत. या पावडरीचं खरं नाव सोडियम परकार्बोनेट. धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकाच स्फटिकात बांधले की ती तयार होते. शंभर ग्रॅम शुद्ध पावडरीत सुमारे ६८ ग्रॅम सोडा आणि सुमारे ३२ ग्रॅम पेरॉक्साइड. पेरॉक्साइड म्हणजे जखम धुताना दवाखान्यात जे फसफसतं, ते. पाण्यात पडली की पावडरीची गाठ सुटते, सोडा वेगळा होतो, पेरॉक्साइड वेगळं होतं, आणि त्या पेरॉक्साइडमधून शेवटी पाणी आणि प्राणवायू उरतो.

गुरुजींनी हे उरलेलं एक तृतीयांश हिशेबातून गाळलं, आणि सगळी करामत त्यातच आहे. सोडा तेलकटपणा सोडवतो, चिकटलेल्या तुपाचा थोडा साबण करतो, दुधाचा वाळलेला पापुद्रा फुगवून ढिला करतो. पण चहाचा तपकिरी रंग, लोणच्याच्या बरणीचा पिवळेपणा, पांढऱ्या धोतरावरचा भाजीचा डाग हे त्याला जमत नाही. रंग मोडायला प्राणवायू लागतो. गंमत अशी की नुसतं पेरॉक्साइडही यात फारसं काही करत नाही, साध्या पाण्यात ते सुस्त असतं. सोड्याच्या खारट संगतीत, तेही पाणी गरम असेल तर, ते कामाला लागतं. दोघांची जोडी आहे ही. बैलजोडीतला एक बैल सोडला आणि म्हटलं, दुसरा तर घरचाच आहे, मग औत चालायला काय हरकत आहे, तर औत चालेल का?

ज्याला माझ्या शब्दावर भरवसा नाही त्याने काचेचे दोन ग्लास घ्यावेत. दोन्हींत कढत पाणी. एकात चमचाभर सोडा, दुसऱ्यात चमचाभर ताजी पावडर. सोडा विरघळेल आणि पाणी गप्प राहील. दुसऱ्या ग्लासात तळापासून बारीक बुडबुड्यांच्या रांगा वर चढू लागतील, सोडावॉटरपेक्षाही बारीक, आणि बराच वेळ चढत राहतील. तो प्राणवायू आहे. एक किलो शुद्ध पावडर पूर्ण फुटली तर शंभर लिटरहून जास्त वायू निघतो. एवढं ज्याच्या पोटात आहे त्याला 'नुसता सोडा' कसं म्हणायचं?

हळदीचं उदाहरण तर प्रत्येक घरातलं आहे. लग्नाच्या हळदीत माखलेला पांढरा पंचा सोड्याच्या पाण्यात टाकला की लालभडक होतो, आणि बाई घाबरून तो लगेच बाहेर काढते. हळदीचा रंगच तसा आहे, खारात लाल होतो. पावडरीच्या पाण्यातही तो आधी लाल होतो. तिथे घाबरायचं नाही. तासभर भिजू द्यायचा, मग लाली उतरत जाते आणि उरलेली पिवळी झाक उन्हात वाळवताना जाते. माझ्या दिराच्या लग्नातले चार पंचे मी असेच काढले. सोड्यात पडलेला पाचवा अजूनही पिवळाच आहे, तो आम्ही ओटा पुसायला घेतला.

आणि सोड्याला कमी लेखावं असंही मला वाटत नाही. आमच्या उत्तरेला तासाभराच्या वाटेवर लोणार आहे. उल्का आदळून काळ्या पाषाणात पडलेला तो खड्डा, पावणेदोन किलोमीटरहून रुंद, आणि तळाशी खारं पाणी. त्या खारात हा सोडाही असतो. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त लोणारच्या मुलखाबद्दल नोंद आहे की काच आणि साबण करायला जे जे लागतं ते तिथे मिळतं. म्हणजे अकबराच्या काळात आपल्या शेजारचा सोडा साबणाला जात होता. ही पावडर परकी, परदेशी थेरं, असं कुणी म्हटलं की मला लोणार आठवतं. पावडरीचे दोन वाटे आपल्या ओळखीचे आहेत. तिसरा वाटा पेरॉक्साइडचा, ते लुई थेनार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८१८ साली पहिल्यांदा बनवलं. जर्मनीत १९०७ साली पर्सिल नावाची धुण्याची पावडर बाजारात आली, तिच्यात बोरॉनचं असंच प्राणवायू देणारं मीठ होतं. परकार्बोनेट पुढे त्याच जागी आलं. शंभर वर्षांहून जास्त काळ जगभरच्या धुण्यात हीच युक्ती चालली आहे. तिला कालचा नखरा म्हणता येणार नाही.

एका ठिकाणी मात्र गुरुजींचं म्हणणं पूर्ण खरं ठरू शकतं. पावडरीला ओल लागली, किंवा ती महिनोन् महिने उघड्या पोत्यात पडून राहिली, तर प्राणवायू हवेत निघून जातो आणि मागे खरोखरच नुसता सोडा उरतो. आठवडी बाजारात सुटी पावडर घेऊन फसलेल्या बायका मला माहीत आहेत. त्यांचा राग रास्त आहे. ग्लासाची परीक्षा म्हणूनच सांगितली. बुडबुडे आले नाहीत तर सोड्याचाच भाव द्या, एक पैसाही जास्त नको.

आता अॅसिड. इथे मी थोडी थांबणार आहे.

"अॅसिडनं जे निघतं ते कशानंच निघत नाही," हे वाक्य आमच्या गावात म्हणीसारखं बोललं जातं. ते अर्धवट आहे. आमच्या बोअरच्या जड पाण्याने नळाखाली, मोरीत, गिझरच्या कॉइलवर जो पांढरा कडक थर बसतो तो चुनखडीचा असतो, आणि तो अॅसिडनेच निघतो. पावडर त्याला हात लावू शकत नाही, उलट तिच्यातला सोडा जड पाण्यातला चुना बाहेर काढून आणखी पांढरी धूळ बसवू शकतो. पण तुपाचा ओशट, दुधाचा पापुद्रा, चहाचा रंग, बुरशी, ताकाचा आंबट वास हा चुना नव्हे. तिथे अॅसिड ओतणं म्हणजे कुलपाला दुसऱ्याच घराची किल्ली लावणं. दुधाचं प्रथिन तर अॅसिडने आणखी घट्ट बसतं. दुधात लिंबू पिळल्यावर काय होतं ते आपण रोज बघतो. डेअरीवाले कॅन आणि नळ्या आधी खाराने धुतात आणि मग, वेगळ्या फेरीत, दुधाचा दगडी थर काढायला सौम्य आम्ल फिरवतात. दोन्हींचं काम आहे, पण आपापल्या पाळीला.

आणि आम्ही बायका काय करतो? अॅसिडने डाग गेला नाही की त्याच्यावर दुसरं काहीतरी टाकतो. सहा वर्षांपूर्वी माझ्या सासूबाईंनी तेच केलं. मोरीच्या फरशीवर अॅसिड टाकलं होतं, डाग हलेना. कोपऱ्यात पाण्याच्या टाकीसाठी आणलेली टीसीएलची, म्हणजे ब्लीचिंग पावडरीची, पिशवी होती. त्यांनी ओंजळभर टीसीएल त्याच ओल्या अॅसिडवर भुरभुरलं. खिडकी बंद, दार लोटलेलं. मी स्वयंपाकघरात होते. मला आधी वास आला, नाकात सुई टोचावी तसा, मग खोकण्याचा आवाज, मग भांडं पडल्याचा. दार उघडलं तेव्हा त्या भिंतीला धरून खाली बसल्या होत्या, डोळ्यांतून धारा, आणि फरशीवरून पिवळट-हिरवी वाफ गुडघ्याएवढी चढलेली. साडीचा पदर नाकाला लावून मी त्यांना ओढून अंगणात आणलं. दवाखान्यात दोन दिवस नळी लावावी लागली. अजूनही थंडीत त्यांना धाप लागते. पूर्वी पहाटे त्या महादेवाच्या देवळापर्यंत चालत जात, आता पारापर्यंत जातात आणि परत येतात.

ती वाफ क्लोरीनची होती. टीसीएल किंवा कपड्याच्या ब्लीचवर अॅसिड पडलं की ती निघणारच, कमी अॅसिड, महाग अॅसिड, सुगंधी अॅसिड, कोणतंही असो. हाच वायू २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ जर्मन सैन्याने समोरच्या खंदकांवर सोडला होता. जो वायू युद्धात माणसं मारायला वापरला तो आम्ही मोरीत, पाच बाय चारच्या खोलीत, कंबर वाकवून तयार करतो. आणि गुरुजी म्हणतात, आपल्या आया अॅसिड टाकायच्या. हो, टाकायच्या. त्यांच्या खोकल्याचा हिशेब कुणी ठेवला?

टीसीएलचं आणखी एक सांगते, कारण आमच्या शेजारचे एक दूधवाले कॅन त्यानेच धूत. विहिरीचं, टाकीचं पाणी निर्जंतुक करायला ते उत्तम, ग्रामपंचायत टाकते ते योग्यच. पण क्लोरीनचं पाणी स्टीलमध्ये जास्त वेळ राहिलं की पत्र्याला बारीक बारीक खड्डे पडतात. त्यांच्या कॅनच्या तळाशी बोट फिरवलं तर खसखशीसारखं लागायचं. त्या खड्ड्यांत दूध बसतं, तिथेच जंतू बसतात, आणि मग कितीही धुवा, दूध लवकर फाटतं. परकार्बोनेटच्या पाण्यात स्टील रात्रभर राहिलं तरी असं होत नाही.

राखेबद्दल गुरुजी भावूक झाले होते. माझी आईही राखेनेच घासायची, आणि राखेला मी नावं ठेवणार नाही. चुलीच्या राखेत खारच असतो, सोड्याचा भाऊबंद. पण राखेने भांडं निघत नव्हतं, आईच्या मनगटाने निघत होतं. काळं भगुणं मांडीत धरून काथ्याने अर्धा अर्धा तास. तिच्या बोटांच्या पेरांना बारा महिने चिरा असायच्या, रात्री ती त्यांत मेण भरायची. त्या अर्ध्या तासाची किंमत गुरुजींच्या काटकसरीत शून्य धरली आहे. माझ्या हिशेबात तसं नाही. मी पावडर किलोला अडीचशेच्या आसपास घेते. पाच लिटर पाण्याला एक मोठा चमचा, म्हणजे पंधराएक ग्रॅम, चार रुपयांच्या आत. त्या एका बादलीत तीन किटल्या, गाळण्या आणि चमचे भिजतात. रात्री दुकान बंद करताना टाकायचे, सकाळी विसळायचे. किटलीच्या तोटीच्या आत, जिथे ना बोट जातं ना घासणी, तिथला काळा थर पातळ कागदासारखा सुटून पाण्याबरोबर बाहेर येतो. पहिल्यांदा तो बघितला तेव्हा मला लाज वाटली. आठ वर्षं मी त्या तोटीतून लोकांना चहा पाजत होते.

पाणीही वाचतं. टँकरच्या उन्हाळ्यात, आणि २०१३ चा जालना जिल्ह्याचा दुष्काळ आम्ही विसरलेलो नाही, घासून-धुऊन-पुन्हा घासून जे पाणी जातं त्याच्या निम्म्याहून कमी पाण्यात भिजवून काम होतं.

'दारूवाल्यांची पावडर' हाही एक टोमणा मला ऐकावा लागला. कारण मला ती माझ्या भाच्याने दिली, आणि तो पुण्यात बिअर बनवणाऱ्या एका छोट्या ठिकाणी कामाला आहे. "मावशी, आमच्या टाक्या याच्याने धुतो, तुझ्या किटल्या काय चीज आहेत," असं म्हणत त्याने पहिली पिशवी आणली. मग काय बिघडलं? आपल्या राज्यात घरी दारू गाळणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे, आणि ते मला करायचंही नाही. अमेरिकेत १९७८ साली राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केली आणि तिथे घरगुती बिअरला मुभा मिळाली. तेव्हापासून तिथल्या हौशी लोकांनी भांडी धुण्याचा जितका काथ्याकूट केला असेल तितका कुणी केला नसेल, कारण भांड्याला एक कण चिकटून राहिला तर त्यांचा महिन्याभराचा घाणा आंबून वाया जातो. यीस्ट, मळी, चिकट साखर, हे त्यांचं दुखणं. आमचं काय वेगळं आहे? दह्याचं विरजण, ज्वारीची आंबील, उन्हाळ्यातलं ताक, वर्षभराचं लोणचं, सगळं आंबवण्याचंच काम आहे. चांगला जंतू राहावा आणि वाईट येऊ नये, यासाठी त्यांनाही भांडं कोरं लागतं आणि मलाही. विद्या कुणाकडूनही घ्यावी.

त्यांच्याकडूनच मी आणखी एक शिकले, आणि पावडर विकणारे ते सांगत नाहीत. स्वच्छ करणं आणि निर्जंतुक करणं ही दोन वेगळी कामं आहेत. पावडरीने थर निघाला म्हणजे जंतू मेले असं धरून चालायचं नाही. बाळाची दुधाची बाटली असेल तर पावडरीने भिजवा, भरपूर पाण्याने विसळा आणि मग उकळाच. दह्याच्या गंजात मी शेवटी कढत पाणी फिरवतेच. पण उलटंही खरं आहे: ओशट थराखाली दडलेल्या जंतूंपर्यंत कढत पाणीही नीट पोचत नाही. आधी थर काढायचा, मग जंतू.

लिंबू आणि खाण्याचा सोडा एकत्र करून ओतायचं जे वेड मोबाइलवर पसरलं आहे, त्याबद्दल एकच वाक्य: ते फसफसतं ते एकमेकांना मारताना, आणि शेवटी उरतं ते जवळजवळ साधं खारं पाणी.

पावडरीची बाजू घेते म्हणून तिचे दोष झाकणार नाही. पाणी गरम हवं. थंड पाण्यात ती आळशी होते, आणि "काही फरक पडला नाही" म्हणणाऱ्या बहुतेक बायकांनी ती नळाच्या थंड पाण्यात टाकलेली असते. एक तांब्या उकळतं आणि एक तांब्या नळाचं मिसळलं की साधारण ६० अंशांचं होतं, तेवढं पुरे. अॅल्युमिनियमचं भगुणं त्यात घालू नका, खाराने ते काळं पडतं आणि झिजतं. तांब्या-पितळेला चिंचच बरी. लोखंडी घमेल्यात पावडर कालवू नका, लोखंड आणि गंज तिचा प्राणवायू आधीच पळवून लावतात. पैठणी, लोकरीची शाल, कुठलंही रेशीम यापासून ती दूर ठेवा, खार रेशीम खातो. हातमोजे घाला, डोळ्यांत उडू देऊ नका. भिजवून झाल्यावर जड पाण्याची पांढरी साय बसली तर विसळल्यावर लिंबूसताचं पाणी फिरवा, वेगळ्या फेरीत.

आणि कालवलेलं पाणी बाटलीत भरून बूच लावून ठेवू नका. आमच्या जाऊबाईंनी उरलेलं पाणी फेकवेना म्हणून प्लास्टिकच्या बाटलीत भरलं, रात्री दुकानात बाटली फुगून फळीवरून उडाली. शंभर लिटर वायूचा हिशेब वर सांगितला आहेच.

विकणारे 'निसर्गाला पूर्ण निरुपद्रवी' असं छापतात, तेही मला मान्य नाही. प्राणवायू उडून गेला तरी सोडा पाण्यात राहतो. ते पाणी रोज परसातल्या कढीपत्त्याला घातलं तर आपली काळी माती खारवटेल आणि कडक होईल. आम्ही ते मोरीत आणि गटारात ओततो, तिथला ओशटही थोडा निघतो.

गुरुजींना पावडर नको असेल तर नको. त्यांनी सोडा वापरावा, राख वापरावी. पण ज्या सभेत शंभर बायका ऐकत आहेत तिथे अॅसिडचं नाव काटकसर म्हणून घेऊ नये, हे मी त्यांना घरी जाऊन सांगणार आहे. आणि आमच्या बाजारपेठेतल्या दुकानदारांनाही सांगणार आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली अॅसिडहल्ल्यातून वाचलेल्या लक्ष्मी यांच्या याचिकेवर सुट्या अॅसिडच्या विक्रीवर बंधनं घातली: घेणाऱ्याची नोंद करायची, ओळखपत्र बघायचं, अठरा वर्षांखालच्याला द्यायचं नाही. त्याला आता एक तप उलटून गेलं. तरी अॅसिड मिळतं ते थंड पेयाच्या जुन्या बाटलीत, वर चिठ्ठी नाही, बूच कुठल्या तरी दुसऱ्याच बाटलीचं. आमच्या मोरीत त्या दिवशी जी बाटली होती तिच्यावर संत्र्याचं चित्र होतं. माझा मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता, आणि ती त्याच्या हाताला येईल एवढ्याच उंचीवर ठेवलेली होती.